हरसूलला संकेतार्थ नको म्हणणाऱ्यांना

“सबजंक्टिव्ह मूड कधीच मेला, इंग्रजांनीच सोडून दिलाय, तुम्ही हरसूलच्या पोरांना कशाला शिकवत बसता?” हे विचारलं जातं प्रश्नासारखं, पण विचारणाऱ्याने निकाल आधीच लावलेला असतो. इंग्रजी शिकवणाऱ्यांत हे मत आता इतकं रुळलंय की त्याच्या विरोधात बोलणारा जुन्या वळणाचा, छडीवाला मास्तर ठरतो. मतामागची तक्रार मात्र खोटी नाही. नाशिक जिल्ह्यातल्या या हरसूलच्या आदिवासी पट्ट्यातली मुलं घरी कोकणी, वारली किंवा ठाकरी बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि त्यावर इंग्रजी. २००० साली राज्याने पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं ते आश्रमशाळांतही आलं. वर्गातली बरीच मुलं अजून वाचतानाच अडखळतात. अशा ठिकाणी ‘इफ आय वेअर’ की ‘इफ आय वॉज’ यावर तास घालवणं ही चैन आहे. दोन वाक्यं धीटपणे बोलता आली तरी पुष्कळ झालं, असं हे म्हणणं.

यातला एक भाग मला मान्य आहे. चौथीच्या पोराला यातलं काहीही शिकवू नये. पण हे म्हणणारे चौथीवर थांबत नाहीत. नववी-दहावीत तो धडा ‘आपल्या मुलांना झेपणार नाही’ म्हणून उरकला जातो, बारावीत पर्यायी प्रश्नात टाकून दिला जातो आणि पदवीच्या वर्गात ‘आता काय सांगायचं’ म्हणून वगळला जातो. नाशिकच्या कॉलेजरोडवर कुणी असा धडा वगळला तर पालक जाब विचारतील. वाघेऱ्याचा घाट ओलांडून हरसूलकडे आलं की तीच गोष्ट दया म्हणून खपते. माझा वाद या दयेशी आहे.

आधी ‘मेला’ या शब्दाचा हिशेब करू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. इंग्रजीत सबजंक्टिव्ह या एका नावाखाली दोन निराळी प्रकरणं नांदतात. एक म्हणजे न घडलेल्या, नुसत्या कल्पिलेल्या गोष्टीसाठी येणारा ‘वेअर’. याचा पसारा किती? सगळ्या इंग्रजी भाषेत एकच क्रियापद, ‘बी’, आणि त्यातही फक्त प्रथम आणि तृतीय पुरुषाचं एकवचन. बाकी प्रत्येक क्रियापदाचं कल्पनेतलं रूप भूतकाळाच्या रूपासारखंच दिसतं. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२च्या केंब्रिज व्याकरणाने तर या ‘वेअर’ला सबजंक्टिव्ह हे नावही देऊ केलेलं नाही. बोलण्यात त्याच्या जागी ‘वॉज’ येतो, आणि चांगल्या लेखकांच्या हातून गेली निदान तीनशे वर्षं येत आला आहे. तेव्हा हा वेअर दुबळा झालाय असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही.

दुसरं प्रकरण आहे मागणी, शिफारस, आग्रह, ठराव यांच्या मागून येणाऱ्या मूळ धातुरूपाचं. ‘दे डिमांडेड दॅट ही गो’, ‘द कमिटी रेकमेंड्स दॅट द रोड बी रिपेअर्ड’. इथे तृतीय पुरुषाचा ‘एस’ गळतो, मुख्य क्रियापद भूतकाळी असलं तरी पुढचं मागे सरकत नाही, आणि नकार ‘डू’शिवाय येतो: ‘दॅट ही नॉट गो’. फाउलरने १९२६ साली आपल्या प्रसिद्ध कोशात थोडे ठरावीक उपयोग सोडले तर सबजंक्टिव्हला मरणपंथाला लावलं होतं. झालं उलटं. अमेरिकेत हे रूप धडधाकट राहिलं, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश लेखनातही ते ‘शुड’ला बाजूला सारून पुन्हा शिरलं. ‘सबजंक्टिव्ह मेला’ म्हणणारे पहिल्याचं आजारपण दाखवून दुसऱ्याच्या मृत्यूचा दाखला काढतात.

आणि हरसूलला लागतो तो नेमका हा दुसरा.

या पट्ट्यात वनहक्काचा दावा हा घरोघरचा विषय आहे. २००६च्या कायद्याप्रमाणे ग्रामसभा दाव्यावर ठराव करते, तो उपविभागीय समितीकडे जातो, शेवटचा निर्णय जिल्हास्तरीय समितीचा. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते, आणि बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय कुणाच्या विरोधात निकाल देता येत नाही. गावात हे सगळं मराठीत चालतं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं की भाषा इंग्रजी होते आणि कुणीतरी या कागदांचं इंग्रजी करतं. आता दोन वाक्यं पाहा. ‘द ऑफिसर इन्सिस्टेड दॅट द क्लेमंट वॉज प्रेझेंट’ आणि ‘द ऑफिसर इन्सिस्टेड दॅट द क्लेमंट बी प्रेझेंट’. पहिल्याचा अर्थ, दावेदार हजर होता असं अधिकारी ठासून सांगतो. दुसऱ्याचा अर्थ, दावेदाराने हजर राहावं असा अधिकाऱ्याचा आग्रह होता. तो हजर राहिला की नाही हे वाक्य सांगतच नाही. ज्या प्रकरणात सगळा वाद ‘मला ऐकून घेतलं नाही’ एवढाच आहे, तिथे ‘वॉज’ आणि ‘बी’ यांत जमीन जाऊ शकते. ‘सजेस्ट’चीही तीच तऱ्हा. ‘सजेस्टेड दॅट द लँड वॉज व्हेकेटेड’ म्हणजे जमीन रिकामी झाली होती असं सूचित केलं. ‘बी व्हेकेटेड’ म्हणजे ती रिकामी करावी असं सुचवलं.

हा काही पंडिती खेळ नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना वनजमिनीवरून हटवण्याबाबत आदेश दिला, आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. राज्यांना प्रतिज्ञापत्रावर सांगायला लावलं ते हेच की दावे फेटाळताना रीतसर प्रक्रिया पाळली का. देशभरातल्या लाखो कुटुंबांचं भवितव्य त्या दिवसांत ‘काय झालं’ आणि ‘काय व्हायला हवं होतं’ यांतल्या फरकावर टांगलेलं होतं. तो फरक ज्या भाषेत तपासला जात होता ती इंग्रजी. हरसूलच्या मुलीने वकील व्हावं, तलाठी व्हावं असं आपण भाषणांत म्हणतो. मग तो फरक इंग्रजीत ओळखायला शिकवणं ही चैन कशी?

तलाठ्याचं नाव निघालंच आहे म्हणून एक कोरडी गोष्ट. तलाठी भरतीच्या परीक्षेत इंग्रजीचे २५ प्रश्न असतात, मराठीचेही २५. ‘वाक्यातली चूक ओळखा’ हा स्पर्धा परीक्षांचा आवडता प्रश्नप्रकार, आणि ‘इफ आय वॉज’, ‘सजेस्टेड हिम टू गो’ ही त्यातली सरावाची गिऱ्हाइकं. म्हणजे ‘आपल्या मुलांना नको’ म्हणून जे वर्गात गाळलं, ते नाशिकमध्ये खोली भाड्याने घेऊन क्लासला पैसे भरून शिकावं लागतं. ज्याला खोलीचं भाडं परवडत नाही तो तेवढे गुण सोडतो.

आता ‘झेपणार नाही’ हा आक्षेप. मला सर्वांत जास्त चीड याची येते, कारण तो मुलांना ओळखत नसल्याची कबुली देतो. नागलीला पाऊस ओढ देतो तेव्हा घरात बोललं जातं, “वेळेवर आला असता तर यंदा गिरणाऱ्याला मजुरीला जावं लागलं नसतं.” मजुरीला जाणारी बाई चौकात थांबलेली असताना म्हणते, “गाडी चुकली असेल तर तो चालत निघाला असेल.” ‘असता’ आणि ‘असेल’ यांची गल्लत दहा वर्षांचं पोरगंही करत नाही. पहिल्यात पाऊस आलेला नाही हे पक्कं. दुसऱ्यात गाडी चुकली की नाही हे ठाऊक नाही. जो फरक दाखवायला इंग्रजीला एक ‘वेअर’ सोडला तर भूतकाळाचीच रूपं उसनी घ्यावी लागतात, तो मराठी प्रत्येक क्रियापदात, लिंग-वचनासह, ठसठशीत दाखवते. मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ (‘व्हावं’) आणि संकेतार्थ (‘झालं असतं’). मोरो केशव दामल्यांचं शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ सालचं आहे; तेव्हापासून हा माल आपल्या घरात मांडून ठेवलेला आहे. मराठीच्या तासाला ‘संकेतार्थ ओळखा’ म्हणून अचूक रेघ मारणारा मुलगा पुढच्या तासाला ‘सबजंक्टिव्ह’ ऐकून दचकतो, कारण दोन्ही तासांचे मास्तर एकमेकांशी बोलत नाहीत.

आणखी एक सोय मराठीत आहे. इंग्रजी शिकवणारा सांगतो, ‘इफ आय हॅड अ सायकल’ यातला ‘हॅड’ भूतकाळ नाही, दिसतो मात्र भूतकाळासारखा. आणि स्वतःच घाबरतो की हे पोरांना कसं पटावं. अहो, मराठी पोरं रोज म्हणतात, “उद्या पाऊस आला तर शाळेत येणार नाही.” ‘आला’ हे भूतकाळाचं रूप आणि गोष्ट उद्याची. रूप एका काळाचं, अर्थ दुसऱ्याचा, ही कल्पना त्यांना शिकवायची गरजच नाही, दाखवून दिली की पुरे.

विध्यर्थाचं तर विचारू नका. “रजा मंजूर व्हावी ही नम्र विनंती.” “रस्ता दुरुस्त करण्यात यावा असा ठराव सर्वानुमते मंजूर.” मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सहा दिवस चालत गेलेल्या शेतकऱ्यांत नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी तालुक्यांतली माणसं मोठ्या संख्येने होती, आणि कसत असलेली वनजमीन नावावर करण्यात यावी ही त्यांची एक मुख्य मागणी. ज्या समाजाचं सरकारशी सगळं बोलणं ‘यावा’, ‘व्हावी’, ‘मिळावी’ यांत चालतं, त्याच्या मुलांना ‘बी रिपेअर्ड’, ‘बी ग्रँटेड’ परकं वाटेल, हे ठरवलं कुणी?

मराठी इथे पायात पायही घालते, तेही सांगायला हवं. “पैसे असते तर घेतलं असतं” या वाक्यात दोन्ही बाजूंना तेच रूप. म्हणून मूल लिहितं, ‘इफ आय वुड हॅव मनी, आय वुड हॅव बॉट इट’. इंग्रजीत ‘इफ’च्या बाजूला ‘वुड’ चालत नाही. दुसरी खोड शाळेनेच लावलेली. अप्रत्यक्ष कथनाचा धडा घोकून घोकून मुलाच्या डोक्यात बसतं की मुख्य क्रियापद भूतकाळी तर पुढचंही मागे ढकलायचं. मग ‘द सरपंच सजेस्टेड दॅट ही वेंट’ असं येतं, आणि सुचवण्याचं सांगणं होऊन बसतं. या चुका आहेत, पण त्यांना कारण आहे, आणि ज्या चुकीचं कारण मास्तरला कळतं ती चार दिवसांत सुटते. ‘यांना झेपत नाही’ हे निदान त्या मास्तरचं, ज्याने वही उघडून चूक कुठून आली ते पाहिलं नाही.

असं निदान मोठमोठ्यांनीही केलं आहे. १९८१ साली आल्फ्रेड ब्लूम या अमेरिकी अभ्यासकाने पुस्तक लिहून मांडलं की चिनी भाषेत इंग्रजीसारखं सबजंक्टिव्हचं रूप नसल्यामुळे चिनी बोलणाऱ्यांना ‘असं झालं असतं तर’ प्रकारचा विचार करणं जड जातं. त्याने चिनी वाचकांना गोष्टी वाचायला दिल्या होत्या आणि त्यांवरच्या प्रश्नांत ते चुकले होते. दोनच वर्षांनी टेरी औ हिने त्याच धर्तीच्या गोष्टी अस्सल, चालत्या चिनीत लिहून दिल्या आणि वाचक धडाधड बरोबर उत्तरं देऊ लागले. ब्लूमच्या गोष्टींची चिनी अवघडलेली होती. खोट वाचकांच्या बुद्धीत नव्हती. हरसूलच्या वर्गात फळ्यावर ‘इफ आय वेअर अ बर्ड’ किंवा ‘इफ आय वेअर द किंग ऑफ इंग्लंड’ लिहून, मुलं गप्प बसली की ‘पाहा, झेपत नाही’ म्हणणारा मास्तर ब्लूमचाच भाऊ. ‘इफ द रेन हॅड कम ऑन टाइम’ लिहून बघा.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडेही वळतो, कारण सबजंक्टिव्हचं नाव खराब करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. ‘वॉज’ दिसला की लाल शाईने गोल करून अर्धा गुण कापणारे हे. त्यांच्या लेखी ‘वेअर’ म्हणजे कुळाचा दाखला: ज्याला तो येतो तो घरंदाज इंग्रजीवाला, बाकीचे खेडवळ. ही भीती घातली की काय होतं ते वह्यांत दिसतं. मूल ‘इफ’ दिसलं की डोळे मिटून ‘वेअर’ टाकतं. ‘इफ ही वेअर इन द बाजार येस्टरडे, आय डिड नॉट सी हिम.’ इथे तो काल बाजारात असूही शकतो, कल्पना कसली त्यात? इथे ‘वॉज’च हवा. ‘ही आस्क्ड इफ आय वेअर सिक’ यातही साधी चौकशी आहे, तिथेही ‘वॉज’. नियम पाठ झाला, अर्थ सुटला. या मंडळींना सांगायचं एवढंच की गप्पांत, पत्रात ‘इफ आय वॉज यू’ म्हणणारा अडाणी नाही, आणि चुकीच्या जागी ‘वेअर’ ठोकणारा शुद्ध नाही. परीक्षेत आणि औपचारिक लेखनात ‘वेअर’ लिहा, कारण तिथे त्याची अपेक्षा असते. इतक्या साध्या सूचनेने काम भागतं.

यांचा आधारग्रंथ रेन आणि मार्टिन. पिढ्यान् पिढ्या ज्याला घाबरल्या त्या व्याकरणाचा एक कर्ता पी. सी. रेन हा इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमध्ये होता आणि ‘बो जेस्ट’ ही फॉरेन लीजनच्या साहसांची कादंबरी त्याने १९२४ साली लिहिली. इतक्या रंगेल माणसाच्या पुस्तकाचं आपण सोवळं करून ठेवलं! गंमत अशी की त्यातला मूडचा धडा चांगला आहे, थोडक्यात आहे, आणि तोच बहुतेक ठिकाणी ओलांडून पुढे जातात.

आपल्या कचेरीतल्या इंग्रजीचा एक लाडका प्रकार दोन्ही टोकांच्या मंडळींना खटकतो: ‘लीव्ह मे काइंडली बी ग्रँटेड’. एकाला तो जुनाट वाटतो, दुसऱ्याला अशुद्ध. मला तो ‘मंजूर व्हावी’चा सरळ सख्खा भाऊ वाटतो आणि मी त्याला चूक म्हणणार नाही. हायकोर्टाच्या अर्जात शेवटी कोर्टाने ‘बी प्लीज्ड टू’ अमुक करावं अशी प्रार्थना असते, ती तर शंभर टक्के सबजंक्टिव्ह. ‘लाँग लिव्ह’, ‘कम व्हॉट मे’ वगैरे साचे पाठ करून टाकावेत, त्यांवर वेळ घालवू नये. ‘वेअर आय टू नो’ असली उलटी रचना ओळखता आली की बस्स.

म्हणजे शिकवायचं ते फार नाही. नववीत संकेतार्थाच्या मराठी वाक्यांवरून ‘इफ’ची तीन वाक्यं, ‘वुड’ कुठे येत नाही ते दाखवून. दहावीत विध्यर्थाचे अर्ज आणि ठराव घेऊन ‘दॅट ही गो’, ‘दॅट इट बी डन’, ‘दॅट ही नॉट बी इव्हिक्टेड’. पदवीच्या वर्गात ‘इन्सिस्ट’ आणि ‘सजेस्ट’ यांचे दोन-दोन अर्थ, खऱ्या सरकारी कागदांवरून. यात नवं पुस्तक लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही, प्रोजेक्टर लागत नाही. मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकाला एक दुपार एकत्र बसावं लागतं.

बोलता आलं म्हणजे झालं, हे ब्रीद मिरवणाऱ्यांनी जरा कुणाला काय बोलायला लागतं ते पाहावं. शहरातल्या मुलाला इंग्रजी लागतं ते मॉलमध्ये, मुलाखतीत, विमानतळावर; तिथे ‘वॉज’ आणि ‘वेअर’ने काही अडत नाही. हरसूलच्या मुलाला ते आधी लागणार आहे कागदावर: अर्जात, अपिलात, न्यायालयाच्या आदेशात, योजनेच्या अटींत. सबजंक्टिव्ह राहतो तो याच कागदांत. ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच अभ्यासक्रमातून तो गाळायचा आणि त्याला सहानुभूती म्हणायचं, हा उफराटा न्याय आहे.

शिक्षकांनी हा धडा गाळू नये. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी पक्षी आणि राजे यांच्याऐवजी एक ग्रामसभेचा ठराव इंग्रजीत करायला द्यावा, आणि तपासणाऱ्यांनी ‘वॉज’साठी गुण कापण्याआधी वाक्याचा अर्थ वाचावा. आणि हरसूलच्या मुलांना काय झेपत नाही याचा निर्णय, त्यांना एकदाही नीट शिकवून न पाहता, कुणीही घेऊ नये.